मदत हवी आहे : युगांडातील जिंजा येथील एका हॉटेलमालक गुजराती कुटुंबाचा शोध (१९६७-१९७१)

नमस्कार.

युगांडातील जिंजा या गावी आमच्या घराशेजारी राहणाऱ्या आणि तेथेच स्वतःचे छोटे हॉटेल चालवणाऱ्या एका लोहाणा (गुजराती व्यापारी समाजातील) कुटुंबाशी पुन्हा संपर्क साधण्यासाठी मला येथील जाणकारांची मदत हवी आहे. युगांडाचा लष्करी हुकूमशहा ईदी अमीन याने १९७२ मध्ये आशियाई लोकांना देश सोडायला लावला, तेव्हा हे कुटुंबही तेथून बाहेर पडले आणि १९७३ नंतर आमचा पत्रव्यवहार थांबला. त्यांना न विचारता त्यांचे आडनाव आणि हॉटेलचे नाव उघडपणे लिहिणे मला योग्य वाटत नाही. ज्यांना काही धागा सापडेल असे वाटते त्यांना ही माहिती मी व्यक्तिगत निरोपातून (व्यनि) अवश्य देईन.

माझे वडील मुंबईच्या व्हीजेटीआयमधून वस्त्रोद्योगाचे शिक्षण घेऊन जिंजाच्या कापडगिरणीत कराराने नोकरीला गेले होते. व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल नदी जेथे बाहेर पडते तेथेच हे गाव वसलेले आहे. ओवेन फॉल्स धरणाची वीज, कापडगिरणी आणि जवळच काकिरा येथील साखर कारखाना यांमुळे त्या काळी तेथे मोठी भारतीय वस्ती होती. बाजारपेठेतल्या इमारतींच्या दर्शनी भिंतींवर बांधणाऱ्याचे नाव आणि साल सिमेंटमध्ये उठावदार कोरलेले असे. या कुटुंबाची इमारतही तशीच होती. खाली भोजनगृह, वर उतारूंसाठी काही खोल्या आणि मागच्या अंगणाला लागून घरच्यांचे बिऱ्हाड.

घराची सूत्रे 'बा' सांभाळत असत. त्यांचे मूळ गाव पोरबंदरकडचे. त्यांच्या थोरल्या मुलाला आम्ही मोटाकाका म्हणत असू आणि धाकट्याला नानाकाका. मोटाकाका गल्ल्यावर बसत; नानाकाका प्यूजो गाडी घेऊन कंपालाहून सामान आणत. महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भाग १९४८ मध्ये जिंजाला नाईलमध्ये विसर्जित करण्यात आला, त्या वेळी आपण वडिलांचे बोट धरून काठावर उभे होतो, असे मोटाकाका सांगत. त्यावरून हे कुटुंब निदान त्याआधीपासून जिंजात होते हे निश्चित.

माझ्या धाकट्या भावाच्या जन्माच्या वेळी आईची प्रकृती बिघडली आणि तिला बरेच दिवस इस्पितळात राहावे लागले. वडिलांची गिरणीतली पाळी चुकत नसे. आईचे माहेर सांगलीला. तेथून कोणी येण्याची शक्यताच नव्हती. त्या काळात मी बांच्या घरी राहिले. उतारूंची जेवणे आटोपल्याशिवाय घरातली पंगत बसत नसे, पण मला मात्र सिगडीजवळ पाट मांडून, पहिली फुललेली रोटली गूळतूप लावून, गुंडाळी करून हातात मिळत असे. संध्याकाळी तळलेल्या मोगोवर (कसावा या कंदाच्या फोडींवर) तिखटमीठ भुरभुरून लिंबू पिळण्याचे काम त्यांनी माझ्याकडे दिले होते. आई घरी आल्यावर बाळंतिणीसाठी गुजराती घरांत करतात ते काटलूं बांनी स्वतः करून दिले आणि त्या रोज दुपारी बाळाला न्हाऊ घालायला येत राहिल्या. आईच्या त्या बाळंतपणात माहेर उभे केले ते बांनी, आणि हे ऋण आमच्या घरात कोणी विसरलेले नाही.

वडिलांचा करार संपल्यावर १९७१ मध्ये आम्ही मोंबासाहून 'करंजा' बोटीने मुंबईला परतलो. बोटीचा प्रवास असल्याने ट्रंका भरून सामान आणता आले आणि त्यात छायाचित्रांचे पाकीटही आले. गेल्या वर्षी वडिलांच्या पश्चात कपाट आवरताना ते सापडले. त्यांतील बरीचशी छायाचित्रे या कुटुंबाची आहेत : हॉटेलच्या पायऱ्यांवर ओळीने बसलेली सगळी मुले, अंगणात पापड वाळत घालणाऱ्या बा आणि मोटीकाकी, वहीपूजनाच्या दिवशी गल्ल्यासमोर हात जोडून बसलेले मोटाकाका. एकाच्या मागे पेन्सिलीने गुजरातीत 'दिवाळी, १९६९' असे लिहिलेले आहे. १९७२ मध्ये निघणाऱ्या कुटुंबांना सुमारे ५० पौंड आणि हाती उचलता येईल एवढेच सामान नेता येत होते, आणि विमानतळाच्या वाटेवर जागोजागी सैनिक झडती घेऊन तेही काढून घेत असत. अशा परिस्थितीत त्यांचे स्वतःचे अल्बम त्यांच्यासोबत गेले असतील असे मला वाटत नाही. त्यांच्या घराची, कदाचित एकमेव उरलेली, ही छायाचित्रे आमच्या कपाटात पडून राहावीत हे मला पटत नाही. ती त्यांच्या मुलानातवंडांच्या हाती पोहोचली पाहिजेत. शिवाय आई आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे आणि तिच्या बरोबरीच्या मोटीकाकी असतील का, हे ती वारंवार विचारते.

शोध अवघड होण्याचे मुख्य कारण पारपत्रांचे आहे. त्या काळी अनेक आशियाई कुटुंबांत एका भावाने ब्रिटिश पारपत्र ठेवायचे आणि दुसऱ्याने धंद्याच्या सोयीसाठी युगांडाचे नागरिकत्व घ्यायचे, अशी पद्धत होती. याही घरात मोटाकाका ब्रिटिश आणि नानाकाका युगांडाचे नागरिक होते. ४ ऑगस्ट १९७२ च्या घोषणेनंतर नव्वद दिवसांची मुदत मिळाली. कागदपत्रांच्या तपासणीत ज्यांचे युगांडाचे नागरिकत्व नाकारले गेले ते कोणत्याच देशाचे उरले नाहीत. त्यांतील अनेकांना संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने ऑस्ट्रिया, इटली, माल्टा, स्पेन येथील तात्पुरत्या छावण्यांत ठेवून पुढे निरनिराळ्या देशांत पाठवण्यात आले. कॅनडानेही हजारो लोकांना घेतले. त्यामुळे दोन भावांची कुटुंबे दोन वेगळ्या देशांत गेली असण्याचा दाट संभव आहे.

मोटाकाकांचे एक हवाई पत्र १९७२ च्या डिसेंबरात आम्हाला आले होते. ते इंग्लंडमधील सफोक परगण्यातल्या स्ट्रॅडिशॉल येथील छावणीतून लिहिलेले होते. बा सोबत आहेत, थंडी फार आहे, लेस्टरला ओळखीचे लोक आहेत पण तेथे जाऊ नका असे अधिकारी सांगतात, एवढाच मजकूर त्यात आहे. नानाकाकांचा उल्लेख नाही. आईने पाठवलेले उत्तर १९७३ मध्ये परत आले. तोवर त्यांचा मुक्काम हलला असावा.

लेस्टर, वेंबली किंवा हॅरो येथे राहणाऱ्या सभासदांपैकी कोणाचा तेथील लोहाणा महाजन मंडळींशी परिचय असल्यास, जिंजाहून आलेल्या वडीलधाऱ्यांपर्यंत माझी विचारणा पोहोचवता येईल का? ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, या लोकांची तेथे सोय लावणाऱ्या युगांडा पुनर्वसन मंडळाची कागदपत्रे आहेत. त्यांतून छावणीतल्या एखाद्या कुटुंबाचा पुढचा पत्ता बाहेरच्या व्यक्तीला मिळू शकतो का, याचा अनुभव कोणाला असेल तर कृपया लिहावे. कॅनडातील सभासदांसाठीही एक विनंती आहे. ओटावाच्या कार्लटन विद्यापीठात युगांडातून आलेल्या आशियाई लोकांच्या आठवणी आणि मुलाखती जतन केलेल्या आहेत, आणि नानाकाकांच्या बाजूचे कोणी तिकडे गेले असल्यास तेथून माग लागेल असे मला वाटते.

आणखी एक शक्यता मला सर्वांत भरवशाची वाटते. राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी युगांडात सत्तेवर आल्यानंतर, विशेषतः १९९० च्या दशकात, अनेक आशियाई कुटुंबांनी १९८२ च्या कायद्याखाली अर्ज करून आपल्या जप्त इमारती परत मिळवल्या. या कुटुंबानेही तसा अर्ज केला असेल तर इमारतीच्या मालकीच्या नोंदीत अलीकडचा पत्ता असू शकेल. सध्या जिंजा किंवा कंपाला येथे नोकरी-व्यवसायानिमित्त असलेल्या कोणा मराठी व्यक्तीला ही नोंद तपासता आली, तर इमारतीचे नाव, दर्शनी भिंतीवरचे साल आणि पायऱ्यांचे छायाचित्र मी लगेच पाठवीन. त्यासाठी जो खर्च येईल तो अर्थातच मी करीन.

कुटुंबातील कोणी सापडल्यास कृपया त्यांचा पत्ता येथे देऊ नये. माझा निरोप आणि दूरध्वनी क्रमांक त्यांना द्यावा; पुढे बोलायचे की नाही, हे त्यांनी ठरवावे.