मदत हवी आहे: डाविंची रिझॉल्व्हसाठी कलर ग्रेडिंग पॅनल कोणतं घ्यावं?

करवीर_कट

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात लग्नाच्या फिल्म्स, स्थानिक जाहिराती आणि मधूनअधून एखादी शॉर्ट फिल्म, असं काम आहे. विंडोजवर रिझॉल्व्ह स्टुडिओ १९ (एडिटिंग आणि रंग सुधारण्याचं सॉफ्टवेअर) वापरतो, फुटेज बहुतेक सोनीचं एस-लॉग३ (मुद्दाम फिकट, कमी कॉन्ट्रास्टमध्ये रेकॉर्ड केलेलं). सगळं ग्रेडिंग, म्हणजे रंग आणि उजेड सुधारणं, माउसवर चालतं. एका लग्नात सहाशे-सातशे शॉट सहज होतात. मांडवात पिवळे हॅलोजन, स्टेजवर जांभळे एलईडी आणि दारातून येणारं ऊन, सगळं एकाच विधीत. शॉट एकमेकांशी जुळवण्यातच बहुतेक वेळ जातो आणि मनगट भरून येतं.

म्हणून बॉल आणि नॉब असलेलं वेगळं पॅनल घ्यायचंय. डोक्यात तीन पर्याय आहेत: ब्लॅकमॅजिकचं मायक्रो कलर पॅनल, त्यांचंच मिनी पॅनल, नाहीतर टँजंटचं रिपल किंवा वेव्ह२. काही क्लायंटना प्रोजेक्ट प्रीमियर प्रोमध्येच (ॲडोबचं एडिटिंग सॉफ्टवेअर) हवा असतो, ही एक अडचण. स्वस्तातला मिडी कंट्रोलर (संगीतासाठीचा नॉबचा बोर्ड) किंवा लूपडेक (शॉर्टकटच्या बटणांचं यंत्र) चालेल का? आणि सेकंडहँड मिळालं तर काय तपासायचं?

नोडमाला

किंमत जरा बाजूला ठेवा आणि आधी कामाची फोड करा. पुढच्या प्रोजेक्टमध्ये एक तास नुसतं बघा: हात प्रायमरीजवर (अख्ख्या चित्राचे रंग-उजेड) किती वेळ असतो, आणि पॉवर विंडो (चित्राचा निवडलेला भाग), ट्रॅकिंग (तो भाग हलत्या वस्तूमागे नेणं), क्वालिफायर (रंगावरून निवड), कर्व्ह यांवर किती. प्रायमरीज जास्त असतील तर मायक्रो पुरेसं आहे. विंडो आणि क्वालिफायरचं काम जास्त असेल तर मायक्रो तिथे हात देत नाही, त्यासाठी माउसवरच यावं लागतं. मिनीवर दोन ५ इंची स्क्रीन आहेत, त्यांच्या भोवतीच्या नॉब-बटणांवरून विंडो, क्वालिफायर, कर्व्ह असे बरेच पॅलेट चालवता येतात. मिनीचे जास्तीचे पैसे जातात ते त्यासाठी. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचं काम सरळ मायक्रोचं आहे.

पॅनलचा खरा फायदा दोन हात एकदम चालण्यात आहे. माउसने गेन (उजळ भाग) थंड केला की सावल्याही थोड्या निळ्या होतात, मग लिफ्टवर (गडद भाग) जाऊन त्या परत गरम करायच्या, मग पुन्हा गेन. पॅनलवर उजवा हात गेनच्या बॉलवर, डावा लिफ्टच्या, आणि नजर परेडवर (लाल, हिरव्या, निळ्या रंगांचा आलेख). दोन्ही विरुद्ध दिशांना ढकलले की काळा आणि पांढरा एकाच हालचालीत जागेवर येतात. मॅचिंगचा वेळ इथे वाचतो.

मायक्रोवर तीन बॉल, प्रत्येकाभोवती मास्टर लेव्हलची रिंग, आणि वर १२ नॉब: वाय लिफ्ट, वाय गॅमा, वाय गेन, कॉन्ट्रास्ट, पिव्हट, मिड डिटेल, कलर बूस्ट, शॅडो, हायलाइट, सॅच्युरेशन, ह्यू, लम मिक्स. नॉब दाबला की तेवढंच मूल्य रीसेट होतं.

आता यात हमखास होणारी गडबड. पॅनल नवीन असताना खूपजण म्हणतात की बॉल फार तीव्र आहे, जरा हलवला तर चित्र उडतं. बहुतेक वेळा दोष नोडच्या (सुधारणेचा एकेक टप्पा) जागेचा असतो. एस-लॉग३ मध्ये, ० ते १ च्या पट्टीवर, काळा साधारण ०.०९३ वर, १८ टक्के ग्रे ०.४१ वर आणि ९० टक्के पांढरा ०.५८ च्या आसपास बसतो. म्हणजे अख्खं चित्र मधल्या पट्ट्यात कोंबलेलं असतं. तिथे, म्हणजे कलर स्पेस ट्रान्सफॉर्मच्या (लॉगचं चित्र नेहमीच्या रंगांत बदलणारा टप्पा) आधीच्या नोडवर, लिफ्ट-गॅमा-गेन (गॅमा म्हणजे मधले भाग) वापरलं तर तिन्ही एकमेकांच्या अंगावर येतात. म्हणून काम वाटून घ्या. ट्रान्सफॉर्मच्या आधीच्या नोडवर ऑफसेट (अख्खं चित्र एकदम सरकवणारा) आणि कॉन्ट्रास्ट ठेवा. कॉन्ट्रास्टला हात लावण्याआधी पिव्हट (कॉन्ट्रास्टचा स्थिर मध्यबिंदू) ०.४१ वर आणा, नाहीतर कॉन्ट्रास्ट वाढवताना चेहऱ्याची उजळणीही हलते. लॉगमध्ये ऑफसेट जवळजवळ कॅमेऱ्याच्या एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्ससारखा वागतो. हॅलोजनचा पिवळेपणा काढायला याहून चांगलं काही नाही. ट्रान्सफॉर्मनंतर, रेक ७०९ (नेहमीच्या एचडी व्हिडिओचं रंगमान) मध्ये, लिफ्ट-गॅमा-गेन मनासारखे वागतात.

रिझॉल्व्हचंच कलर मॅनेजमेंट लावून डाविंची इंटरमीडिएटमध्ये (रिझॉल्व्हचं स्वतःचं लॉग स्वरूप) काम करत असाल तर पिव्हट ०.३३६ घ्या, तिथला मिडल ग्रे तो आहे.

परेडवाला

प्रीमियरचं स्पष्ट सांगतो: ब्लॅकमॅजिकची पॅनल फक्त रिझॉल्व्हमध्ये चालतात. टँजंटची पॅनल टँजंट हब या सॉफ्टवेअरमार्फत प्रीमियरच्या ल्युमेट्रीलाही (तिथलं रंगाचं टूल) जोडता येतात आणि तिथे मॅपरमधून बटणांची कामं बदलता येतात. पण रिझॉल्व्हमध्ये टँजंटचं मॅपिंग रिझॉल्व्हनेच ठरवलेलं असतं, मॅपरमध्ये केलेले बदल तिथे लागू होत नाहीत. घेतल्यावर हे कळलं की लोक हिरमुसतात.

रिपल म्हणजे तीन बॉल, रिंग आणि मोजकी बटणं. कॉन्ट्रास्ट, पिव्हट, सॅच्युरेशनचे नॉबच नाहीत. तुमच्या एस-लॉग३ च्या कामाला हे अपुरं पडेल. वेव्ह२ वर नॉब आणि बटणं भरपूर आहेत, फक्त ते टेबलावर बरीच जागा घेतं.

माझं मत: दोन-चार क्लायंटसाठी पॅनल ठरवू नका, कामाची पद्धत बदला. प्रीमियरमधून एक्सएमएल (टाइमलाइनची माहिती असलेली फाइल) काढा, रिझॉल्व्हमध्ये ग्रेड करा, डिलिव्हर पेजवर प्रीमियर एक्सएमएल प्रीसेट निवडून क्लिप वेगवेगळ्या रेंडर करा. कोडेक डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स आणि १२ फ्रेमचे हँडल (क्लिपच्या दोन्ही टोकांना जास्तीच्या फ्रेम). नवी एक्सएमएल प्रीमियरमध्ये उघडली की ग्रेड केलेल्या क्लिप टाइमलाइनवर येतात. स्पीड रॅम्प (बदलता वेग) आणि नेस्ट केलेल्या (एकत्र गुंडाळलेल्या) क्लिप मात्र आधीच रेंडर करून घ्या, बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

मिडी कंट्रोलर ग्रेडिंगसाठी रिझॉल्व्ह थेट ओळखत नाही. मधले ॲप बहुधा माउस आणि कीबोर्डची नक्कल करतात, त्यामुळे एका वेळी एकच गोष्ट हलते आणि नोडमाला यांनी सांगितलेला दोन हातांचा फायदा हातचा जातो. लूपडेकचंही तेच. ऑल्ट+एस ने नवीन सिरियल नोड, कंट्रोल+डी ने नोड चालू-बंद, इतक्या शॉर्टकटसाठी ठीक आहे, पण ते कीबोर्डवरही होतं.

सेकंडहँड घेताना नावाकडे नीट बघा. २०१७ चं मायक्रो पॅनल आणि २०२४ चं मायक्रो कलर पॅनल ही वेगळी यंत्रं आहेत. जुनं आकाराने मोठं आणि फक्त यूएसबी-सी चं. नव्यात ब्लूटूथ, बॅटरी आणि आयपॅड ठेवायची खाच आहे. नवं जाहीर झालं तेव्हा ४९५ डॉलरचं होतं, जुनं आलं तेव्हा ९९५ चं. जुन्याचे भाव त्या हिशोबाने पाडून मागा. विकणाऱ्याच्याच लॅपटॉपवर ग्रेस्केल पट्टी लावा आणि प्रत्येक बॉल चारही दिशांना सावकाश फिरवत परेड बघा. रेषा अडखळत किंवा उडी मारत असेल तर आधी बॉल उचलून आतले आधाराचे मणी आणि सेन्सरची खिडकी साफ करून बघा. धागे न सुटणारं कापड आणि थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. तरीही उडी राहिली तर सोडून द्या. सगळे नॉब दाबून रीसेट होतायत का ते पाहा, आणि यूएसबी-सी ची केबल हलवून जोडणी तुटते का तेही.

ग्रे_भिंत

पॅनलआधी एक प्रश्न: चित्र कशावर बघताय? लॅपटॉपच्या व्ह्यूअरवर बघत असाल तर आधी तिकडे खर्च करा. अल्ट्रास्टुडिओ मॉनिटर ३जी (थंडरबोल्ट लागतो) किंवा डेस्कटॉप असेल तर डेकलिंक मिनी मॉनिटर ४के, त्यातून वेगळ्या मॉनिटरला सिग्नल, आणि प्रोबने (रंग मोजणारं यंत्र) कॅलिब्रेशन: डी६५ (मानक पांढरा), गॅमा २.४, १०० निट (उजेडाचं माप). मागची भिंत रंगहीन करडी, खोलीत मंद उजेड. चुकीच्या चित्रावर पॅनलने काम केलं तर चूक फक्त लवकर होते.

मनगटासाठी पॅनल छातीसमोर मधोमध ठेवा, कीबोर्ड बाजूला. उलट ठेवलं की खांदा वळतो आणि दुखणं मनगटातून खांद्यात जातं. तळहात टेकलेला असावा, बॉल बोटांच्या टोकांनी फिरवायचा.

करवीर_कट

सगळ्यांचे मनापासून आभार. ऑफसेट आणि पिव्हटचं गणित आजच माउसवर करून बघतो. मॉनिटर कॅलिब्रेट केलेला आहे, पण ग्राफिक्स कार्डवरून जोडलाय, तर आधी डेकलिंक आणि मग नवं मायक्रो कलर पॅनल. ते ब्लूटूथवर चालवू की केबलवर? आणि लावल्यावर सेटिंग काय बदलायचं?

नोडमाला

टेबलावर केबलच लावा, चार्जिंगही होत राहतं. केबल थेट मशीनच्या पोर्टमध्ये, वीज नसलेल्या हबमध्ये नको. ब्लूटूथ लोकेशनवर आयपॅडसोबत कामाला येतं.

डब्यातून काढल्यावर आधी फर्मवेअर अपडेट करा. मग प्रेफरन्सेसमध्ये यूजर टॅब, त्यात कंट्रोल पॅनल्स: तिथे बॉल आणि रिंगची सेन्सिटिव्हिटी आहे. सुरुवातीला बॉल थोडा मंद ठेवा. लम मिक्स (रंग बदलताना उजळणी किती जपायची ते ठरवणारा) मात्र सेटिंग नाही, तो नॉब आहे आणि नकळत फिरतो. एकेका चॅनेलच्या बारने रंग सुधारताना उजळणी विचित्र वाटली तर आधी तो १०० वर आहे का ते बघा.

करवीर_कट

नोंद केली. डेकलिंकसाठी कॅबिनेटमध्ये पीसीआय एक्सप्रेस स्लॉट रिकामा आहे का ते बघून ऑर्डर देतो.

परेडवाला

बिलावर जीएसटी क्रमांक टाकून घ्या आणि भारतातली वॉरंटी कोण देणार ते विक्रेत्याकडून लिहून घ्या. बाहेरून कुणाकडून मागवलं तर दुरुस्तीला तिकडेच पाठवायची वेळ येऊ शकते.