अनुभव धागा : चूल वेगळी झाली, त्यानंतर काय झालं?

नागपुरातल्या महाल-इतवारीतले वाडे पाडून फ्लॅट स्कीम झाल्या, पोरं विमानतळाजवळच्या मिहान उद्योग-वसाहतीत, पुण्याला, नाहीतर थेट परदेशात गेली. 'एकत्र कुटुंब संपलं हो' हे वाक्य इथे प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं, आणि म्हणणारा बहुधा पुरुष असतो, हातात मठ्ठ्याचा ग्लास घेऊन. म्हणून हा धागा. सुविचार नकोत. घरात स्वयंपाक कोण करतं, म्हाताऱ्यांचं कोण बघतं, पैसा कोणाच्या हातात, एवढं लिहा. नाव नको, वस्ती पुरे.

महाल, आता मनीषनगर
1981 साली थोरली सून म्हणून वाड्यात आले. चार भाऊ, एक चूल. आमच्याकडे महालक्ष्म्या असतात. पुरण, आंबील, कथली, पडवळाची कढी, सोळा भाज्या. चिरणं आदल्या रात्री सुरू व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी पंगती उठेपर्यंत आम्हा जावांच्या पोटात चहाशिवाय काही नसायचं. मामाजींसमोर, म्हणजे सासऱ्यांसमोर, डोक्यावरचा पदर सरकला तरी बोलणी.

वाडा बिल्डरला दिला तेव्हा पैशावरून भांडण झालं नाही. झालं ते महालक्ष्म्यांचे मुखवटे कोणाकडे जाणार यावरून. थोरल्याकडेच राहतील असं ठरलं, म्हणजे दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये चाळीस पानं माझ्या एकटीच्या गळ्यात! काही वर्षं ओढलं. मग सांगून टाकलं : देव माझ्याकडे, स्वयंपाक वाटून. आता पुरण बेसाला राहणारी जाऊ करते, आंबील धाकटी आणते, सोळा भाज्यांचा वाटा बाजारातून येतो. वाढायला पुरुष. आमचे हे पुरणपोळीवर तूप वाढतात, अर्धं ताटाबाहेर सांडतं. सांडू दे. ज्यांना वाड्याची फार आठवण येते त्यांनी एकदा चाळीस माणसांची भांडी घासून बघावी.

दिघोरी
आम्ही दोघंच. मूल नको, असं ठरवलंय. तपासणी करून घ्या म्हणणारे नातेवाईक तेवढे वाढले.

नंदनवन
भाऊबीजेला भावाने बोलावलं. ओवाळणं झालं, साडी मिळाली आणि जेवणानंतर हक्कसोडपत्र समोर आलं. 'ताई, फक्त सही कर, आखीव पत्रिकेवर (घराच्या प्रॉपर्टी कार्डावर) माझं नाव चढवायचंय.' वहिनी आत भांडी आपटून राहिली होती. मी कागद पर्समध्ये घातला, वाचून सांगते म्हटलं. सही केली नाही. दोन वर्षं भाऊ बोलला नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तेव्हा अर्धा खर्च मी दिला, तेव्हापासून बोलतो. वाटणी अजून व्हायचीच आहे. माहेर तुटेल म्हणून सही करणाऱ्या माझ्या तीन मावशा आहेत, त्यांचं माहेर सहीनंतरही फारसं उरलं नाही.

*(धागाकर्ता : बऱ्याच जणांचा इथेच गोंधळ होतो म्हणून मध्येच लिहितो. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला. ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005ला, वडील हयात नसले तरी तो हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020ला स्पष्ट केलं. ओवाळणीच्या ताटाचा त्याच्याशी संबंध नाही. चालू द्या.)*

प्रतापनगर
बायको एकुलती एक. सासरे गेल्यावर सासूबाईंना वणीहून घेऊन आलो. त्यांचं एकच : जावयाच्या घरी फुकटचं कसं खायचं? पेन्शन झाली की पाचशेच्या नोटा साखरेच्या डब्याखाली ठेवायच्या. मी परत द्यायचो, त्या पुन्हा ठेवायच्या. शेवटी बायकोने लाइट बिल त्यांच्या नावे लावून दिलं आणि तो विषय मिटला.

खरी अडचण पुढेच होती. काटोलहून आईचा फोन : 'तिची माय चालते, मग मी काऊन नाही?' तिलाही आणलं. आता दोघी एका खोलीत. पंख्यावरून रोज वाजतं, एकीला पाचवर पाहिजे, दुसरीला दोनवर. पण डॉक्टरकडे एकमेकींना सोडून जात नाहीत. सोसायटीत मला 'घरजावई' म्हणतात. फ्लॅटचा हप्ता मी भरतो बाप्पा!

त्रिमूर्तीनगर
मुलगा टोरांटोला. डबा मेसचा. बीपीची गोळी घेतली का, हे सून रोज व्हिडिओ कॉलवर विचारते. मुलगा विचारत नाही, तो वायफाय नीट चालतंय का विचारतो.

जरीपटका
आमच्याकडे गेल्या वर्षी नात झाली. 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा शासनाचा निर्णय आहे. आमचे आजोबा खवळले : 'बापाच्या आधी आई?' सून शांतपणे म्हणाली, 'बाबा, नऊ महिने आधी मीच होते.' आजोबा दोन दिवस गप्प. बारशाची पत्रिका छापायला मात्र स्वतः गेले, नाव नव्या क्रमाने छापून आणलं, आणि घरी येऊन कुरकुरले की एवढ्या लांब नावाला छापणाऱ्याने जास्त पैसे लावले.