मदत हवी आहे: दुसरा मजला, लिफ्ट नाही, दोन महिन्यांचं बाळ. बाबागाडी कोणती घ्यावी?

चिंचबोर:
नमस्कार मंडळी. मुलगी आठ आठवड्यांची आहे, वजन ४.६ किलो. घर कोथरूडला, जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. गाडी छोटी हॅचबॅक, डिकीत सीएनजीची टाकी. संध्याकाळी सासूबाई बाळाला घेऊन खालच्या बागेत जाणार, त्यांचे गुडघे दुखतात. नवरा ५ फूट ११ इंच. बाळ पाच महिन्यांचं होईल तेव्हा विमानाने नागपूरला जायचं आहे. बजेट ८ ते १२ हजार. एक नातेवाईक त्यांची परदेशातून आणलेली कारसीटसकटची मोठी बाबागाडी द्यायला तयार आहेत, तिचं वजन साडेबारा किलो. ती घ्यावी का? नवीन घ्यायची तर नेमकं काय बघायचं? दुकानात प्रत्येक गाडी 'जन्मापासून चालते' असंच सांगतात.

वेखंड:
साडेबारा किलोची गाडी या घरासाठी नको, फुकट मिळाली तरी. साडेबारा गाडीचे, पाच बाळाचे, दोन-तीन पिशवीचे, म्हणजे वीस किलो दोन जिने चढवायचे. त्यातली गाडी आणि पिशवी एका हाताने, कारण दुसऱ्या हातात बाळ. गाडी उचलणारा माणूस कोण हे आधी ठरवा. तुमच्याकडे दुपारी घरात सासूबाई आणि तुम्हीच असाल तर वजनाची हद्द ७ किलो धरा.

बाळासकट गाडी जिन्यावरून न्यायची वेळ आलीच तर दोघांनी दोन्ही बाजूंनी मूळ सांगाडा धरायचा. बाळासमोरचा आडवा दांडा धरून कधीही उचलू नका. तो नुसता खाचेत अडकवलेला असतो, जोर आला की निघून हातात येतो.

पांगारा:
'जन्मापासून' याचा अर्थ एकच: गाडीची पाठ जवळजवळ सपाट झाली पाहिजे. युरोपातल्या ईएन १८८८ या मानकाप्रमाणे सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी बैठक आणि पाठ यांतला कोन किमान १५० अंश हवा. कारण साधं आहे. एवढ्या लहान बाळाचं डोकं जड आणि मान कच्ची. अर्धवट बसवलं की हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. बाळ रडतही नाही, म्हणून लक्षात येत नाही.

दुकानात हे असं तपासा. पाठ पूर्ण खाली करा आणि ५ किलोची तांदळाची पिशवी मधोमध ठेवा. मग बाजूने बघा. पाठ मागे करायच्या दोन पद्धती असतात. एकीत खटका असतो, ठरलेल्या तीन-चार पायऱ्यांवर पाठ थांबते. दुसरीत मागे नाडी आणि चिमटा असतो, हवी तेवढी सैल सोडायची. नाडीवाल्या हलक्या गाड्यांत रिकामी असताना पाठ छान सपाट दिसते, पण वजन ठेवलं की कापड कमरेपाशी झोळीसारखं खोल जातं. पिशवीखाली खड्डा पडला, तर ती गाडी सहा महिन्यांनंतरची समजा, खोक्यावर काहीही छापलेलं असो. तो खड्डा भरायला उशी किंवा दुपटं घालू नका. मोहरीची उशी तर गाडीत अजिबात नको, डोकं वर उचललं जातं आणि हनुवटी पुन्हा छातीवर येते.

आता घडी. डिकीत सीएनजीची टाकी म्हणजे जागा उथळ. छत्रीसारखी मिटणारी गाडी हलकी आणि स्वस्त, पण मिटल्यावर मीटरभर लांब काठी होते. तुमच्या डिकीत ती तिरकीही बसेलच असं नाही, पुढच्या सीटमागे उभी करावी लागेल. शिवाय तिला दोन वेगळ्या मुठी असतात, त्यामुळे एका हाताने ढकलली की ती बाजूला वळते. तिघडी पडणारी गाडी साधारण ५५ सेंटिमीटरच्या खोक्याएवढी होते, मागच्या सीटच्या पायाशी राहते. वजन ६ ते साडेसात किलो. तुमच्यासाठी हाच प्रकार, फक्त त्यातली पूर्ण आडवी होणारी निवडा. लव्हलॅप, आर फॉर रॅबिट, बेबीहग, चिको अशा कंपन्यांच्या गाड्या दुकानांत दिसतात. नावावर जाऊ नका, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत पाठीचा कोन वेगळा असतो. दुकानात फिरताना मोजायची टेप सोबत ठेवा.

हँडल जमिनीपासून १०० ते १०५ सेंटिमीटर असेल तर तुमच्या मिस्टरांना वाकावं लागणार नाही. त्यांनाच पाच मिनिटं चालवायला द्या. उंच माणसाचा बूट मागच्या दांड्यावर आपटतो का, हे बघून नाही, चालूनच कळतं.

तिसरा_जिना:
माझं मत थोडं वेगळं आहे. सहा महिन्यांपर्यंत गाडी घेऊच नका. बाळ अंगावर बांधायचं कॅरियर घ्या. जिने, रिक्षा, भाजी सगळं होतं आणि हात मोकळे राहतात. बहुतेक कॅरियर साडेतीन किलोपासून चालतात, तुमचं बाळ बसतंय त्यात. चार गोष्टी पाळा: बाळाचा चेहरा सतत दिसला पाहिजे, हनुवटी आणि छातीत दोन बोटं मावली पाहिजेत, गुडघे ढुंगणापेक्षा वर हवेत, आणि पाय लोंबते नकोत, मांडीखाली आधार हवा. बाळाचं तोंड आपल्या बाजूला. दुचाकीवर कॅरियर नाही म्हणजे नाही.

सहा महिन्यांनी बाळ आधाराने बसायला लागलं की सपाट पाठीची अट सुटते, मग निवड वाढते आणि किंमत उतरते.

पांगारा:
कॅरियरचं म्हणणं बरोबर, पण इथे संध्याकाळी बाळ सासूबाईंकडे असणार आहे. दुखऱ्या गुडघ्यांवर पाच-सहा किलो बांधून दोन जिने उतरणं धोक्याचं. त्यांच्यासाठी गाडी आधी खाली नेऊन ठेवायची आणि बाळ दुसऱ्या कोणी खाली आणून द्यायचं, हे बरं.

चिंचबोर:
खूप उपयोगी माहिती. दोन्ही घ्यायचं मनात आहे, साधं कॅरियर आणि हलकी गाडी. एका दुकानात हँडल इकडून तिकडे फिरवता येणारी गाडी आवडली, बाळाचं तोंड आपल्याकडे करता येतं. वजन साडेआठ. सासूबाईंना तीच पसंत आहे. घ्यावी का? आणि गाडी खाली पार्किंगमध्ये ठेवली तर चालेल का?

पांगारा:
बाळ आपल्याकडे बघत असलेलं केव्हाही चांगलं, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत, त्याचा रंग आणि श्वास दिसतो. पण हँडल फिरणाऱ्या गाडीत एक गोम आहे आणि दुकानदार ती सांगत नाहीत. हँडल पलीकडे टाकलं की गाडीचं पुढचं ते मागचं होतं. गोल फिरणारी चाकं आता तुमच्या पायाशी येतात आणि सरळ चाकं पुढे. गाडी वळता वळत नाही, प्रत्येक वळणावर उचलून फिरवावी लागते. म्हणून चारही चाकं फिरणारी आणि चारही चाकांना वेगळा खटका असलेलीच घ्या. दर वेळी हँडल बदललं की हाताजवळची दोन चाकं खटका लावून सरळ करायची आणि लांबची दोन मोकळी सोडायची. हे विसरलं की गाडी डुलते.

दुसरं म्हणजे ब्रेक. तो एकाच टोकाला असतो. हँडल फिरवल्यावर तो बाळाच्या पाठीकडेच, म्हणजे तुमच्यापासून लांब राहतो. उतारावर उभं असताना गाडीला वळसा घालून ब्रेक लावायचा? सासूबाईंच्या वापरात हे बसणार नाही. साडेआठ किलोचा प्रश्न आहेच.

ब्रेक बघताना चपला घालून बघा. काही ब्रेक दाबून लागतात आणि पायाच्या बोटाने वर उचलून सुटतात. चपलेत, साडीत हे जमत नाही, अंगठा दुखतो. दाबून लागणारा आणि दाबूनच सुटणारा हवा. एका दाबात मागची दोन्ही चाकं अडली पाहिजेत. लावल्यावर गाडी दोन-तीन सेंटिमीटर सरकून टक् आवाज करत थांबते, ते ठीक आहे, आतली खीळ चाकाच्या पुढच्या भोकात पडते. त्याहून जास्त सरकली तर खीळ बसलेली नाही. वापरात हे होतं ते वाळूचे कण त्या भोकांत अडकल्यामुळे. जुन्या टूथब्रशने साफ केलं की पूर्ववत.

तिसरा_जिना:
पार्किंगमध्ये ठेवायची तर सांगाडा सायकलच्या कुलपाने खांबाला बांधा आणि गादी, छत, पट्टे रोज वर न्या. धूळ बसते, मांजरं झोपतात, उंदीर फोम कुरतडतो. कापडी भाग सहज निघत नसतील तर खाली ठेवायचा विचार सोडा.

चाकांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. ५ इंची कडक प्लास्टिकची चाकं मॉलच्या फरशीवर पळतात. आपल्या पदपथावरच्या पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतात आणि गाडी झटक्याने थांबते, पुढचं चाक थरथरतं. ६ ते ७ इंची ईव्हीए फोमची (चपलेच्या तळासारखी, हवा न भरायची) चाकं आणि पुढे स्प्रिंग असली तर पुरे. हवा भरायच्या टायरांचा मोह नको: बाभळीचा काटा लागला की काम संपलं, एवढ्या लहान मापाची ट्यूब कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे मिळत नाही, आणि पेट्रोल पंपावर कारच्या दाबाने हवा भरली तर टायर फुटू शकतो. जंगली महाराज रस्त्यासारखा रुंद पदपथ असेल तिथे कोणतीही गाडी चालते, गल्लीत नाही.

पदपथावर चढताना हँडल खाली दाबून पुढची चाकं आधी वर घ्या. उतरताना गाडी उलटी करून मागची चाकं आधी उतरवा. सरळ उतरवली तर बाळ पुढे कलंडतं. वनाझवरून मेट्रोने जाणार असाल तर लिफ्टनेच वर जा. सरकत्या जिन्यावर गाडी उघडी न्यायची नाही. डब्यात ब्रेक लावून गाडी प्रवासाच्या दिशेला आडवी ठेवा.

गोधडी:
पट्ट्यांचं राहिलं. पाच टोकांचा पट्टा हवा: दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक पायांमधून. तीन टोकांच्या पट्ट्यातून बाळ वर सरकून निघतं किंवा खाली घसरतं. खांद्याचा पट्टा खांद्याच्या पातळीवरच्या भोकातून काढा, वाढेल तसा वर घ्या. पट्टा आणि छाती यांत दोन बोटं जातील इतका घट्ट. समोरचा आडवा दांडा हा पट्टा नव्हे. दोन मिनिटांसाठी असली तरी पट्टा लावा, मग गाडी हलवा.

घडी घालताना बाळ लांब. २००९ साली मॅकलॅरेन कंपनीला अमेरिकेत सुमारे १० लाख छत्री-गाड्यांसाठी बिजागरीवर बसवायची कव्हरं द्यावी लागली, मुलांची बोटं बिजागरीत चिरडून तुटल्यामुळे. तुम्ही घ्याल त्या गाडीची बिजागरी झाकलेली आहे का बघा, आणि आपोआप उघडू नये म्हणून वेगळी कडी आहे का तेही.

उन्हाळ्यात गाडीवर ओढणी किंवा दुपटं टाकून 'सावली' करू नका. आतली हवा खेळत नाही, तापमान झपाट्याने चढतं आणि बाळाचा चेहरा दिसत नाही. छतच लांब असलेली गाडी घ्या, सोबत जाळी. पावसाचं प्लास्टिक बाजूला भोकं असलेलं हवं, आणि पाऊस थांबला की लगेच काढायचं. भिजलेली गाडी मिटून ठेवली तर दोन दिवसांत बुरशीचा वास येतो. उघडी करून पंख्याखाली वाळवा. कोकणात जाणं-येणं असेल तर ॲल्युमिनियमचा सांगाडा घ्या, लोखंडी असेल तर गंज रिव्हेटांपाशी आधी धरतो.

हँडलला पिशव्या अडकवायच्या नाहीत. बाळ पाच किलोचं आणि मागे भाजी चार किलोची, बाळाला उचललं की गाडी मागे पालथी. सामान खालच्या जाळीत, तिथली वजनाची हद्द गाडीवर लिहिलेली असते. चाक करकरलं तर खोबरेल तेल किंवा मशीनचं तेल नको, धूळ चिकटून आणखी जाम होतं. आसाभोवती गुंडाळलेले केस कात्रीने काढा आणि सिलिकॉन स्प्रे मारा.

वेखंड:
विमानाचं: 'केबिन साइज' लिहिलेल्या बऱ्याच गाड्या मिटल्यावर ५५ बाय ४५ च्या आसपास असतात. इंडिगोची हातसामानाची हद्द ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटर आणि ७ किलो. म्हणजे वर ठेवता येईल असं गृहीत धरू नका. काउंटरवर चिठ्ठी लावून घ्या, विमानाच्या दारापर्यंत गाडी वापरा आणि तिथे द्या. नागपूरला शिडीपाशी परत मिळेल की सामानाच्या पट्ट्यावर येईल, ते गेटवरच विचारा. देण्याआधी कपहोल्डर, आडवा दांडा, खेळणी काढून घ्या आणि गाडी पिशवीत घाला, नाहीतर हेच सुटे भाग आधी हरवतात.

नातेवाइकांच्या गाडीबरोबरची कारसीट मात्र विचारात घ्या, गाडी नको असली तरी. तिच्यावर छापलेली मुदत बघा, अपघातातून गेलेली नाही ना याची त्यांच्याकडून खात्री करा, आणि पट्टा कसा ओवायचा याचं पुस्तक मागून घ्या. ती कारमध्येच वापरायची. घरी आल्यावर बाळ त्यात झोपलेलं असलं तरी उचलून पाठीवर सपाट झोपवायचं.

चिंचबोर:
सगळ्यांचे मनापासून आभार. हँडल फिरणारी रद्द. सात किलोच्या आतली, तिघडी पडणारी, पूर्ण आडवी होणारी, दाबून सुटणाऱ्या ब्रेकची. कारसीटची तारीख आजच विचारते. ऑनलाइन मागवली तर चालेल ना, दुकानात हजारभराने महाग आहे?

पांगारा:
दुकानात सासूबाईंच्या हातात देऊन बघा, मग तेच मॉडेल ऑनलाइन मागवायला हरकत नाही. मॉडेलचा क्रमांक जुळवून घ्या, नुसतं नाव नको. आल्यावर खोकं फाडू नका, टेपवरून कापा, परत करायची वेळ आली तर लागेल. त्याच दिवशी चारही चाकं बसवा, प्रत्येक चाक खटका लागेपर्यंत दाबून मग जोरात ओढून बघा, निघून येता कामा नये. तांदळाची पिशवी पट्ट्यांत बांधून अर्धा तास गच्चीवर फिरवा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर सांगाडा वाकडा आहे. खटका एका बाजूचा लागतो आणि दुसऱ्या बाजूचा नाही असं झालं, तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता परतीच्या मुदतीत बदलून घ्या.