शब्दचर्चा: 'ओमोलुआबी'ला मराठीत काय म्हणावं?

पारिजात
एका दिवाळी अंकासाठी नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या म्हणींवर लेख लिहिते आहे आणि एका म्हणीपाशी चार दिवस अडून बसले आहे. म्हण अशी: ओमोलुआबीला अर्धाच शब्द सांगायचा, त्याच्या आत गेला की तो पुरा होतो.

ओमोलुआबी म्हणजे चांगल्या वागणुकीचा माणूस, पण एवढ्याने भागत नाही. योरुबा अभ्यासक त्यात बरंच काही धरतात. नेमकं बोलणं, मान देणं, दुसऱ्याचं भलं चिंतणं, खरेपणा, धीर, कष्ट, आणि बुद्धीसुद्धा. हे सगळं एका माणसात असलं तर त्याला हा शब्द लावतात.

संपादकांचं म्हणणं, 'शहाण्याला शब्दाचा मार' टाका आणि पुढे चला. मला ते जमत नाही. आपल्या म्हणीत शब्द पाठीवर बसतो. त्यांच्या म्हणीत तो पोटात जाऊन वाढतो. आणि 'शहाणा' म्हटलं की मराठी कानाला आधी 'मोठा आला शहाणा'च ऐकू येतं. 'सज्जन' लिहून खोडलं, 'सुसंस्कृत' लिहून खोडलं. तुमच्या घरी, गावाकडे अशा माणसाला कुठला शब्द वापरतात?

सातबारा
आमच्या बार्शीकडे 'वळणाचा' म्हणतात. सोयरीक बघून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न, "पोरगं वळणाचं हाय का?" शेती किती, नोकरी कुठं, हे नंतर. माझ्या मते तुमचं काम झालं.

तळटीप
'सज्जन' का खोडलंत ते कळलं नाही. इतका निर्मळ शब्द आपल्याकडे असताना वळसे कशाला? एक विनंती मात्र आहे, 'संस्कारी' लिहू नका. तो हिंदी मालिकांतून आलेला शब्द आहे. मराठीत 'संस्कार झालेला', 'सुसंस्कारित' म्हणत होते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत लग्नाच्या जाहिरातींनी 'संस्कारी' इतका झिजवला की आता त्याचा अर्थ फक्त 'उलट न बोलणारी सून' एवढाच उरला आहे.

लागोसकर
नायजेरियात लागोसला अकरा वर्षं काढली, म्हणून लिहितो.

आधी उच्चार. 'ऑमॉलुआबी' असं लिहा. सुरुवातीचे दोन्ही स्वर 'ऑफिस'मधल्या 'ऑ'सारखे उघडे आहेत. योरुबात स्वराच्या उंचीवरही अर्थ फिरतो. उंच, मधला, खालचा असे तीन सूर आहेत. 'इवा लेवा' ही त्यांची फार लाडकी म्हण: वागणूक हेच सौंदर्य. 'लेवा'तल्या 'एवा'चा पहिला सूर खाली नेला की 'सौंदर्य' जाऊन 'चवळी' होते. आमच्या कचेरीतल्या वयस्कर बाईंनी हा फरक मला टेबलावर बोटं आपटून, वर-खाली दाखवत शिकवला होता. देवनागरीत हे सूर उतरत नाहीत, याची हळहळ वाटते.

आता व्युत्पत्ती. सर्वांत जास्त सांगितली जाते ती अशी: ऑमॉ म्हणजे मूल, ओलू म्हणजे स्वामी किंवा मुख्य, इवा म्हणजे वागणूक, बी म्हणजे जन्म देणं. 'वागणुकीच्या धन्याने जन्माला घातलेलं मूल.' दुसरी ऐकली ती 'नोआने जन्माला घातलेलं मूल', म्हणजे प्रलयातून नौका काढणारा बायबल-कुराणातला नोआ. तिकडे एकाच घरात ख्रिस्ती भाऊ आणि मुसलमान बहीण सहज सापडते, त्यामुळे ही दुसरी व्युत्पत्ती मला लोकांनी नंतर जोडलेली वाटते.

'सज्जन'बद्दल सांगतो. आमच्याकडे हिशेबाला एक मुलगा होता. कडक इस्त्रीचा सदरा, टाय. एके दिवशी त्याचे शाळेतले मास्तर काही कामासाठी कचेरीत आले. हा खुर्चीवरून उठला, टायचं टोक सदऱ्याच्या दोन गुंड्यांमध्ये खोवलं आणि फरशीवर पालथा झाला, छाती टेकून. याला 'इदोबाले' म्हणतात. बायका गुडघे टेकतात. शहरात हल्ली बरेचजण नुसते वाकून बोटं जमिनीला लावतात, हा पूर्ण टेकला. मास्तरांनी खांद्याला हात लावल्यावर उठला, टाय सरळ केला आणि त्यांना पाणी आणायला गेला. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "ऑमॉलुआबी." 'सज्जन' म्हटलं की मला कुणाचं वाईट न करणारा गृहस्थ दिसतो. हा मुलगा त्या शब्दात बसत नाही.

आजोळ
'वळण' शब्दावर माझं जरा दुखरं बोलायचं आहे. आमच्या घरी वळण फक्त मुलींना लावायचं होतं. मी आणि माझा भाऊ एका ताटात जेवायचो. तो बोटं चाटायचा, तेव्हा आजी हसायची. मी चाटली की "हिला वळण कसं ते नाही." तेच ताट, तीच भाजी. सातबारा, तुमच्याकडे मुलाबद्दलही विचारतात हे वाचून खरंच बरं वाटलं. विदर्भात, आमच्या आजोळी, मी ते मुलाबद्दल कधी ऐकलं नाही. पारिजात, हा शब्द घेतलास तर वाचणाऱ्या निम्म्या बायकांना आपली आजी आठवेल, याचा विचार कर.

लागोसकर
आजोळताई, योरुबा व्याकरणात लिंगच नाही. 'तो' आणि 'ती'ला एकच सर्वनाम आहे. ऑमॉलुआबी पुरुषही असतो, बाईही. घरात मात्र कुणाकडून जास्त अपेक्षा ठेवतात ते विचाराल तर तिकडच्या मुलीही तुमच्यासारखंच सांगतील.

मास्तर
'वळणा'ला माझाही आक्षेप आहे, पण कारण वेगळं. 'वळणाचं पाणी वळणावर' ही म्हण आठवा. तिथे वळण म्हणजे उपजत ओढ, रक्तातून आलेली. म्हणजे या शब्दात शिकवण आणि वंश दोन्ही मिसळले आहेत. 'कुलीन', 'खानदानी', 'चांगल्या घरचा' यांचं तर विचारूच नका, त्यात सरळ जात येते. चाळीस वर्षं शिकवलं. 'चांगल्या घरचा आहे हो' हे वाक्य कुणाच्या बाबतीत म्हटलं जायचं आणि कुणाच्या बाबतीत कधीच नाही, ते पाहिलेलं आहे.

लागोसकर, म्हणून विचारतो. त्यांच्या शब्दातही 'जन्म देणं' आहेच की. मग तोही कुळाचाच शब्द झाला ना?

लागोसकर
नाही मास्तर. जन्म देणारा आहे तो इवाचा धनी. कुठल्या घराण्याचा पुरुष नव्हे. राजघराण्यातला माणूसही ऑमॉलुआबी नसू शकतो आणि तसं त्याच्या मागे लोक मोकळेपणाने म्हणतात. 'घरचं वळण' याला त्यांचा शब्द आहे 'एको इले', घरातलं शिक्षण. रस्त्यात उर्मटपणे बोलणाऱ्या पोराला "तुला घरी काही शिकवलं नाही का" हे तिथे कुणीही वडीलधारं माणूस ऐकवतं, ओळख असो नसो. त्यांची म्हण आहे की वडील माणूस बाजारात असताना पाठीवरच्या बाळाची मान वाकडी लोंबता कामा नये. बाळ कुणाचं का असेना.

आणि मास्तर, तुम्हाला आवडेल अशी एक म्हण. योरुबात 'कॉ' म्हणजे बांधणं आणि 'कॉ' म्हणजे शिकवणं, सूरही एकच. त्यावर म्हण: 'ऑमॉ ती आ को कॉ नि योओ ग्बे इले ती आ कॉ ता.' जे मूल शिकवलं नाही, तेच बांधलेलं घर विकून टाकतं. हा श्लेष मराठीत आणता येईल का?

मास्तर
येतो! 'घडवणे' घ्या. 'न घडवलेलं पोर घडवलेलं घर विकतं.'

तळटीप
घर घडवत नाहीत, बांधतात. दागिना घडवतात, मूर्ती घडवतात, मडकं घडवतात. श्लेषासाठी क्रियापदाला चुकीच्या कामाला जुंपू नये.

सातबारा
आमच्याकडे बैलगाडी घडवतात, कुऱ्हाडीचा दांडा घडवतात. दगडाचं काम असलं तर चिरा घडवतात, आणि घर चिऱ्याचंच असतं की. 'घडीव दगडाचा वाडा' म्हणता ना? मग वाडा का घडवू नये?

तळटीप
चिरा घडवतात, वाडा बांधतात. यातच उत्तर आहे.

आजोळ
मला 'घडवणे'च हवं आहे. पोराला बांधून ठेवण्यापेक्षा घडवलेलं बरं. आणि वाचणाऱ्याला अर्थ कळतो आहे ना?

तळटीप
कळतो म्हणून काहीही चालवलं तर भाषेचं काय होतं त्याचं योरुबातलंच उदाहरण देतो. सॅम्युअल क्राउथर. स्वतः योरुबा. 1821 मध्ये लहान वयात गुलाम म्हणून पकडला गेला, पुढे सुटका झाली, 1864 मध्ये बिशप झाला. योरुबा बायबलच्या कामात त्याचा मोठा वाटा, ते 1884 मध्ये पूर्ण झालं. त्यात 'सैताना'साठी 'एशू' हा शब्द योजला. एशू हा त्यांचा देवांचा निरोप्या, चौरस्त्यावरचा, माणसाची परीक्षा पाहणारा. सैतान नव्हेच. वाचणाऱ्यांना अर्थ 'कळला', आणि आज कित्येक योरुबा घरांत एशूचं नाव घेतलं की लोक दचकतात. इफा, म्हणजे योरुबांच्या जुन्या धर्मातली कौल लावण्याची परंपरा, तिच्यातले लोक अजून ही गाठ सोडवत आहेत. जवळचा म्हणून घेतलेला शब्द मूळ शब्दाला गिळतो. 'शहाणा', 'वळणाचा', 'संस्कारी' यांपैकी काहीही घातलंत तर ओमोलुआबीचं तेच होईल.

मास्तर
मग तुमचा 'सज्जन' कसा चालतो?

तळटीप
मान्य. 'सज्जन' मागे घेतो. मूळ शब्दच ठेवावा, आपल्या वाचकाला तेवढी मेहनत झेपते.

पारिजात
मूळ शब्द लेखात राहीलच. पण म्हण ही बोलायची चीज आहे, तळटीप घेऊन म्हण बोलता येत नाही. (तुमच्या नावाला लागून काही म्हणायचं नाही!) मला अशी म्हण हवी आहे जी आई ओट्यापाशी उभी राहून म्हणू शकेल.

'इवा'बद्दल एक सांगायचं राहिलं. इफाच्या एका कथेत इवा ही बाई आहे. ओरुन्मिला या शहाणपणाच्या देवाची बायको, आणि सुरू, म्हणजे धीर, हा तिचा बाप. तिच्या वागण्यात खोट असते, ओरुन्मिला तिला सारखे दोष देतो आणि शेवटी घराबाहेर काढतो. मग त्याचा मान जातो, माणसं पांगतात, आणि तो दारोदार 'माझ्या इवाला पाहिलंत का' विचारत फिरतो. मला ही कथा वाचून रडू आलं. वागणूक ही नांदवायची गोष्ट आहे, सांभाळून घ्यायची. 'वळण लावणे' यात एक लावणारा आणि एक लावून घेणारा असतो. या कथेत नवराच उंबरठे झिजवतो.

आजोळ
'नांदवायची'! हा शब्द लेखात घे.

लागोसकर
आजच्या काळाचंही थोडं येऊ द्या लेखात. नायजेरियातल्या ओशून राज्यात रौफ अरेग्बेशोला गव्हर्नर होते, 2010 ते 2018. त्यांच्या काळात राज्याला 'इपिन्ले ऑमॉलुआबी', ऑमॉलुआबींचं राज्य, असं बिरुद दिलं होतं. मी फलक पाहिले आहेत. माझ्या ओळखीचे काहीजण अभिमानाने सांगत. काहीजण म्हणत की पगार थकले असताना हा शब्द फलकावर वाचवत नाही. दुसऱ्या बाजूला इंटरनेटवरून लोकांना फसवून पोरं गाड्या घेतात, आणि गल्लीतले लोक त्यांना वाकून नमस्कार करतात. आमच्या त्या बाई यावर एकच म्हण काढायच्या, चांगलं नाव सोन्या-चांदीहून बरं. पण त्यांचा धाकटा मुलगा मान खाली घालून ऐकायचा आणि काही बोलायचा नाही. अर्धा शब्द त्याच्या पोटात पुरा होत होता की नाही, मला सांगता येणार नाही.

मास्तर
थांबा. 'पोटात' हे तुम्ही मराठी म्हणून लिहिलंत की त्यांच्याकडेही तसंच आहे?

लागोसकर
तसंच आहे. म्हणीत 'इनू' आहे. इनू म्हणजे आत, आणि पोटही. आनंद झाला तर 'माझं इनू गोड झालं' म्हणतात. भल्या मनाला 'इनू रेरे', चांगलं पोट.

सातबारा
मग मन कशाला आणता मधी? आपल्यात पण पोटातच असतं समदं. पोटात माया, पोटात पाप, पोटात ठेवणं. 'अर्धा शब्द पोटात गेला की पुरा होतो.' बास. कुणाच्या, ते सांगायची गरजच नाही.

पारिजात
सातबारा, हे सुंदर आहे. पण 'कुणाच्या' काढलं तर ओमोलुआबीच गेला की!

तळटीप
आणि 'बास' फार्सी आहे.

सातबारा
असू द्या. माझी एक शंका आहे, लागोसकर. तिकडं वडीलधाऱ्याला 'तू' म्हणतात का 'तुम्ही'?

लागोसकर
'तुम्ही'च. आईबापालासुद्धा. आणि नमस्कारांचं तर विचारू नका. काम करणाऱ्याच्या बाजूने जाताना 'ए कू इशे', नुसतं बसलेल्याला 'ए कू इजोको'. तुम्ही काम करताय त्याबद्दल नमस्कार, बसला आहात त्याबद्दल नमस्कार. न बोलता पुढे गेलं तर लोक मनाला लावून घेतात. पहिल्या महिन्यात मी रोज फाटकावरच्या वयस्क रखवालदारासमोरून तसाच जात होतो. मग त्या बाईंनी बाजूला घेऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी 'ए कू इशे' म्हटलं, तर तो स्टुलावरून उठला आणि माझ्या आईवडिलांची खुशाली विचारली.

आजोळ
आईला 'अहो आई' म्हणणारी घरं आपल्याकडेही होती. आमच्याकडे वडिलांना 'अहो बाबा', आईला 'ए आई'. हे कधी, कुठून सुरू झालं असेल? कोकणात काय म्हणतात?

मास्तर
आमच्या राजापुराकडे आईला 'गो'. "आये गो." यात मान कमी आहे असं मला कधी वाटलं नाही. यावर वेगळा धागा काढा.

पारिजात
काढा नक्की, पण माझा लेख सोमवारी द्यायचा आहे हो.

सातबारा
आमच्यात सासूला 'आत्याबाई' म्हणतात अजून. आईला 'आय'. 'ए' बी नाही आन् 'अहो' बी नाही, नुसतं 'आय'. त्याचं कसं लावायचं?