डिस्ने वर्ल्ड: आत राहायचं की बाहेर?

प्रेषक: सायली
विषय: [मंडळ-चर्चा] डिस्ने वर्ल्ड: आत राहायचं की बाहेर?

नमस्कार मंडळी,

मार्चच्या सुट्टीत ऑर्लँडोला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, मुलगा आठ वर्षांचा, मुलगी अडीच वर्षांची, आणि नाशिकहून आलेले सासू-सासरे. बाबांचे गुडघे कुरकुरतात, दिवसभर चालणं त्यांना झेपणार नाही. अटलांटाहून गाडीनेच जाणार, त्यामुळे विमानाचा प्रश्न नाही. चार दिवस डिस्ने आणि एखादा दिवस नुसतं लोळायचं, असा बेत आहे.

नवऱ्याचं म्हणणं, डिस्नेजवळच्या किसिमी गावात स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेऊ. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, डिस्नेला जाऊन त्यांच्याच हॉटेलात न उतरता बाहेर राहायचं म्हणजे अर्धी मजा घालवायची. दोन्हीकडचे आकडे बघून बघून डोकं फिरलंय. इथे बरेच जण जाऊन आलेत, तर खरं काय ते सांगा.

सायली

---

प्रेषक: मकरंद
विषय: उत्तर: [मंडळ-चर्चा] डिस्ने वर्ल्ड: आत राहायचं की बाहेर?

सायली,

डोळे झाकून बाहेर. तुम्ही सहा जण आहात, हा कळीचा मुद्दा. डिस्नेच्या स्वस्तातल्या हॉटेलांत (ऑल-स्टारची तीन आणि पॉप सेंच्युरी) एका खोलीत चौघंच राहू शकतात, वर क्रिबमध्ये तीन वर्षांखालचं एक मूल. म्हणजे तुम्हाला दोन खोल्या घ्याव्या लागणार, नाहीतर फॅमिली स्वीट. ऐन सुट्टीत त्या स्वीटच्या भाड्यात किसिमी किंवा डॅव्हनपोर्टला तीन बेडरूमचं घर येतं, मागे छोटा पूल, वॉशिंग मशीन, पूर्ण किचन. आईंना सकाळचा चहा त्यांच्या पद्धतीने करून घेता येईल, ही सोय कुठल्या तक्त्यात बसवणार?

फक्त साइटवर दिसणाऱ्या भाड्यावर जाऊ नका. क्लीनिंग फी असते, आणि ती दोन रात्रींना जेवढी तेवढीच सात रात्रींना, म्हणून मुक्काम छोटा असेल तर अंगावर येते. किसिमी ऑसिओला काउंटीत येतं, तिथे राहण्यावर साडेतेरा टक्के कर. काही घरांना पूल गरम करायचे वेगळे पैसे लागतात, मार्चमध्ये ते विचारूनच घ्या. शिवाय पार्कात गाडी लावायचे रोजचे तीस-पस्तीस डॉलर. आत राहणाऱ्यांना ते पडत नाहीत. हे सगळं धरून केलेली एक्सेल शीट जोडतोय, पिवळ्या रकान्यांत तुमचे आकडे घाला.

मकरंद

---

प्रेषक: नाना
विषय: उत्तर: उत्तर: [मंडळ-चर्चा] डिस्ने वर्ल्ड: आत राहायचं की बाहेर?

चि. सायलीस,

मकरंदची शीट उघडली आणि लगेच बंद केली. माणूस सुट्टीवर जातो की ऑडिटला?

माझं ऐकशील तर आतच राहा, आणि ऐपत असेल तर मोनोरेलवरच्या हॉटेलात. काँटेम्पररी आणि पॉलिनेशियन ही दोन्ही हॉटेलं १ ऑक्टोबर १९७१ ला मॅजिक किंगडम या पार्काबरोबरच उघडली. काँटेम्पररीत तर मोनोरेल इमारतीच्या पोटातून जाते. आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो तेव्हा विमानतळावरून हॉटेलपर्यंत बस फुकट होती, सामान परस्पर खोलीत यायचं, आणि हॉटेलवाल्यांना पार्क एक तास जास्त उघडं असायचं. राइडची लांब रांग टाळायचे फास्टपासही आम्हाला इतरांच्या आधी घेता यायचे. पैसे जातात, पण डोक्याला ताप नाही. सोबत म्हातारी माणसं असली की हाच हिशोब महत्त्वाचा.

आणि ॲनिमल किंगडम लॉजमध्ये सना म्हणून रेस्टॉरंट आहे, तिथे नान आणि सोबत वेगवेगळ्या चटण्या-लोणची मिळतात. खिडकीबाहेर जिराफ. सासूबाईंना जरूर ने. तिथे जेवायला त्या हॉटेलात राहावं लागत नाही.

नाना

---

प्रेषक: वैशाली
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: [मंडळ-चर्चा] डिस्ने वर्ल्ड: आत राहायचं की बाहेर?

सायली,

नानाकाका, रागावू नका, पण तुम्ही सांगितलेल्यातलं बरंचसं आता राहिलेलं नाही. विमानतळाची फुकट बस २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. (सायली गाडीने जातेय, तिला त्याचं सोयरसुतक नाही.) जादा तासाच्या जागी आता सकाळी अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. तो मात्र रोज, चारही पार्कांत, आणि अगदी स्वस्त हॉटेलात उतरलेल्यांनाही. रात्रीचे जादा तास डिलक्स हॉटेलवाल्यांनाच, तेही ठरावीक रात्री. फास्टपास गेला, त्याच्यानंतरचा जिनी प्लसही गेला. जुलै २०२४ पासून लाइटनिंग लेन आहे (राइडची वेळ आधी ठरवून छोट्या रांगेतून जायचं), आणि त्याला पैसे मोजावे लागतात. आत राहणाऱ्यांना मुक्कामाच्या सात दिवस आधी, सगळ्या दिवसांचं बुकिंग एकदम करता येतं. बाहेरच्यांना त्या त्या दिवसाच्या तीन दिवस आधी. सुट्टीच्या गर्दीत या चार दिवसांच्या फरकाने चांगल्या राइडच्या चांगल्या वेळा हातून जातात.

अर्धा तास ऐकायला काहीच वाटत नाही. पण तेवढ्यात एरवी तासभर रांग लागणारी एखादी राइड, कधी दोनही, उरकतात. अट एकच: त्या अर्ध्या तासाच्याही आधी तुम्ही गेटवर हजर हवं. अडीच वर्षांची मुलगी आणि दोन ज्येष्ठ घेऊन तुम्ही साडेसातला बाहेर पडणार का, हे तुमचं तुम्ही ठरवा. पडणार नसाल तर या सवलतीची किंमत शून्य धरा.

माझ्या मते खरा प्रश्न दुसराच आहे. दुपारी दोन वाजता तुम्ही कुठे असाल?

मॅजिक किंगडमचं उदाहरण घे. बाहेरून गाडीने आलात तर गाडी पार्काच्या दारात लागत नाही. ती तलावाच्या अलीकडे, तिकीट सेंटरपाशी लावायची. मग ट्रॅम, तिच्यात स्ट्रोलर घडी करून घ्यावा लागतो. मग तपासणी, मग फेरीबोट किंवा मोनोरेल, मग गेट. गाडीचं दार लावल्यापासून गेटपर्यंत अर्धा-पाऊण तास सहज जातो. परत जाताना हेच सगळं उलट, आणि पुढे १९२ नंबरच्या रस्त्यावरचे सिग्नल. दुपारी बाबांचे पाय भरून आले, छोटी झोपेला आली, म्हणून घरी जायचं ठरवलंत तर एका बाजूला तासाच्या वर जातो. एकदा घरी गेलेला माणूस संध्याकाळी पुन्हा हे सव्यापसव्य करत नाही. मग होतं काय, कोणीच जात नाही. म्हातारी माणसं बाकावर बसून राहतात, पोर स्ट्रोलरमध्ये उन्हात झोपतं, आणि चारच्या सुमाराला सगळे एकमेकांवर खेकसायला लागतात. ते चित्र तिथे कुठल्याही बाकावर बघायला मिळतं.

हॉटेलची बस मॅजिक किंगडमच्या थेट दाराशी सोडते. सासू-सासरे आणि छोटी दुपारी खोलीवर, तुम्ही तिघं पार्कात, आणि संध्याकाळी सगळे पुन्हा एकत्र, असं खरंच जमतं. गाडी कोणाकडे ठेवायची हा वादही नाही. आत राहण्याचे जास्तीचे पैसे मी याचे धरते. लॉबीतल्या मिकीच्या पुतळ्याचे नाही.

आता दुसरी बाजू. बाकीच्या तीन पार्कांचं पार्किंग त्यांच्या दारातच आहे. त्यामुळे एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडमला बाहेरून येणं तेवढं जाचक नाही. आणि आतल्या बसबद्दलही स्वप्नं नकोत. आतिषबाजी संपली की बसला मोठी रांग लागते, आणि बसमध्येही स्ट्रोलर घडी करूनच न्यावा लागतो, झोपलेलं मूल खांद्यावर टाकून. म्हणून आत राहायचं तर स्कायलायनरवरचं, म्हणजे तारेवरून पार्कांत नेणाऱ्या पाळण्यांच्या वाटेवरचं हॉटेल बघ. पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ ॲनिमेशन यांच्या मधोमध स्टेशन आहे. पाळण्यात स्ट्रोलर उघडाच जातो, आणि व्हीलचेअर चढवायला वेगळी जागा आहे, तिथे पाळणा पूर्ण थांबतो. कॅरिबियन बीचला पाळणा बदलायचा की एपकॉट किंवा हॉलिवूड स्टुडिओज. विजा चमकायला लागल्या की मात्र स्कायलायनर बंद, मग बस आहेच.

आर्ट ऑफ ॲनिमेशनच्या फॅमिली स्वीटमध्ये सहा जण राहतात. दोन बाथरूम, वेगळी बेडरूम, मायक्रोवेव्ह, छोटा फ्रिज. शेगडी नाही. तिसरं अंथरूण जेवणाच्या टेबलाचं होतं: रात्री टेबल आडवं केलं की पलंग, सकाळी पुन्हा टेबल. बेडरूम बाबांना द्या, टेबलावर तुम्ही झोपा.

वैशाली

---

प्रेषक: मकरंद
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: [मंडळ-चर्चा] डिस्ने वर्ल्ड: आत राहायचं की बाहेर?

वैशालीताई, दुपारचा मुद्दा मान्य. पण त्याला 'आत'च कशाला हवं? डिस्ने स्प्रिंग्स या डिस्नेच्या बाजारपेठेच्या आसपासची हॉटेलं आहेत. त्यांतल्या ठरावीक हॉटेलांत सकाळचा अर्धा तास मिळतो, आणि भाडं बरंच कमी. स्वान आणि डॉल्फिन या हॉटेलांत मॅरियटचे पॉइंट्स चालतात, आणि तिथून एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज चालत गाठता येतात. दोन्हीकडे रिसॉर्ट फी आणि पार्किंग काय लागतं ते आधी बघायचं, एवढंच.

मकरंद

---

प्रेषक: वैशाली
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: [मंडळ-चर्चा] डिस्ने वर्ल्ड: आत राहायचं की बाहेर?

चालत गाठता येतात, पण बाबांच्या गुडघ्यांना विचारून. बाकी पॉइंट्स साठलेले असतील तर स्वान-डॉल्फिन उत्तम, यात वाद नाही.

वैशाली

---

प्रेषक: अमेय
विषय: एका रात्रीची युक्ती (डिस्नेच्या धाग्यावरून)

सगळेच 'सगळ्या रात्री आत' किंवा 'सगळ्या रात्री बाहेर' असं का धरून चाललेत? डिस्नेच्या हॉटेलच्या सवलती चेक-इन आणि चेक-आउट, दोन्ही दिवशी चालतात. एक रात्र राहिलात तरी दोन दिवस लवकर प्रवेश, दोन दिवस पार्किंग फुकट. चेक-इनच्या दिवशी खोली दुपारी मिळते, पण सामान सकाळीच हॉटेलात ठेवून पार्कात जाता येतं.

ऑर्लँडोतल्याच युनिव्हर्सलच्या थीम पार्कांना तर ही युक्ती जास्तच लागू पडते. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत उतरलेल्या प्रत्येकाला लांब रांग टाळायचा एक्सप्रेस पास खोलीबरोबरच मिळतो, जायच्या-यायच्या दोन्ही दिवसांसाठी. तोच वेगळा विकत घ्यायचा तर गर्दीच्या दिवसांत चार जणांचे पैसे खोलीच्या भाड्याच्याही वर जाऊ शकतात. मे २०२५ मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्समध्ये मात्र तो चालत नाही, जुन्या दोन पार्कांतच.

अमेय

---

प्रेषक: सायली
विषय: उत्तर: एका रात्रीची युक्ती (डिस्नेच्या धाग्यावरून)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

वैशालीताईंचा दुपारी दोनचा प्रश्न जेवताना घरात विचारला. बाबा म्हणाले, "मला चार दिवस कशाला? एक दिवस तो राजवाडा, एक दिवस प्राणी. बाकी मी पुस्तक घेऊन पाण्याजवळ बसेन." इतके दिवस आम्ही सहा जणांची चार दिवसांची तिकिटं धरूनच हिशोब करत होतो, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. आईंना एपकॉटची बाग बघायची आहे, मार्चमध्ये तिथे फुलांचा महोत्सव असतो म्हणे. छोटी अजून तीनची झालेली नसेल, तिला तिकीटच नाही.

तर आता असं ठरलंय. आधी तीन रात्री किसिमीला घर. त्यात लोळायचा दिवस आणि ॲनिमल किंगडम, तिथे गाडी दारात लागते. संध्याकाळी परतताना सना. मग दोन रात्री आर्ट ऑफ ॲनिमेशनचा स्वीट. चेक-इनच्या दिवशी एपकॉट, मधल्या दिवशी मॅजिक किंगडम, चेक-आउटच्या दिवशी आम्ही दोघं आणि मुलगा हॉलिवूड स्टुडिओज, आई-बाबा आणि छोटी हॉटेलच्या पूलवर. मकरंद, तुझ्या शीटमध्ये 'अर्धं-अर्धं' असा रकानाच नव्हता, मी घातलाय. क्लीनिंग फी तीन रात्रींवर खरंच अंगावर येते, पण बाबांची दोन दिवसांची तिकिटं वाचली त्यात ती निघाली.

दोनच प्रश्न उरलेत. हॉटेलचं नुसतं खोलीचं बुकिंग करू की तिकिटांसकट पॅकेज? आणि बाबांसाठी व्हीलचेअर तिथे घेऊ की इथून नेऊ?

सायली

---

प्रेषक: वैशाली
विषय: उत्तर: उत्तर: एका रात्रीची युक्ती (डिस्नेच्या धाग्यावरून)

नुसती खोली घे, तिकिटं वेगळी. खोलीचं बुकिंग पाच दिवस (ऑनलाइन केलेलं असेल तर सहा दिवस) आधीपर्यंत रद्द केलं तर पूर्ण पैसे परत मिळतात, पॅकेजला तीस दिवस आधी. सोबत लहान मूल आणि ज्येष्ठ असताना तीस दिवस आधी कोण काय सांगणार? घराच्या बुकिंगचे नियम घरमालकागणिक वेगळे, ते पैसे भरायच्या आधी वाच. आणि चेक-इनच्या सात दिवस आधी, सकाळी सातला, लाइटनिंग लेनसाठी फोन हातात घेऊन बस. तिकिटं आणि खोली एकाच अकाउंटला जोडलेली आहेत ना, ते आदल्या रात्रीच बघून ठेव.

व्हीलचेअर पार्कात भाड्याने मिळते, पण ती त्या पार्काबाहेर नेता येत नाही. बसस्टॉपपासून गेटपर्यंत आणि हॉटेलच्या लांबलचक वाटांवर ती नसेल. गाडीने जाताय, तर इथूनच न्या.

वैशाली

---

प्रेषक: नाना
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: एका रात्रीची युक्ती (डिस्नेच्या धाग्यावरून)

चि. सायलीस,

व्हीलचेअर विकत घेऊ नकोस. हिच्या ऑपरेशनच्या वेळची घडीची खुर्ची आमच्या गॅरेजमध्ये पडून आहे. शनिवारी दहानंतर कधीही या, येताना हवा भरायचा पंप आणा. तुझ्या सासऱ्यांनाही घेऊन ये, उंची जुळते का ते बसवून बघू. चहा इथेच.

नाना