दयाळ की धोबी? घरट्याचा खोका घ्यायचाय, पटकन सांगा

गच्चीवाला: मंडळी अर्जंट आहे. गच्चीवर काळा-पांढरा पक्षी येतोय, पहाटे जाम भारी शीळ घालतो, बायको म्हणते दयाळ, शेजारचे काका म्हणतात धोबी. घरट्याचा खोका कार्टमध्ये टाकून ठेवलाय, ऑफर आज रात्री संपतेय. घेऊ की नको एवढंच सांगा.

रानवाट: फोटो? आणि नाशकात कुठे?

गच्चीवाला: मोबाईल काढेपर्यंत उडतो हो. गंगापूर रोड, सोमेश्वरजवळ. काळा-पांढरा म्हटलं ना, अजून काय सांगू?

रानवाट: दोघंही काळे-पांढरेच! भुवई बघा. धोब्याच्या डोळ्यावर ठळक पांढरा पट्टा असतो, दयाळाचं (नराचं) डोकं अख्खं काळं, मादी करडी. दयाळ शेपूट उभी करतो आणि टुणटुण उड्या मारतो, धोबी शेपूट खालीवर हलवत तुरुतुरु चालतो.

मिसळ_दोन_पाव: कबुतरं येतात का? जाळी मारून घ्या, पंचवटीत आम्ही मारली, एकदम निवांत.

रानवाट: कबुतरांचं कोणी विचारलंय?

शीळवेडा: भुवया कसल्या बघताय, मर्लिन ॲप टाका, आवाजावरून नाव सांगतं.

रानवाट: दयाळ दुसऱ्यांच्या नकला करतो, धोबीही गोड गातो. नुसत्या ॲपवर जाऊ नका.

शीळवेडा: मला कधी फसवलं नाही बुवा.

निफाडचा_भाऊ: थंडीत नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात या, 2020 ला रामसर (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालंय. पांढऱ्या तोंडाचे, करड्या पाठीचे वेगळेच धोबी दिसतील, ते पाहुणे. भुवईवाला मात्र बारमाही इथलाच. बाकी दयाळ-धोबी एकाच कुळातले ना?

रानवाट: नाही भाऊ. दयाळ माशीमारांच्या कुळातला, धोबी तिरचिमण्यांच्या.

गच्चीवाला: आत्ता बघून आलो. टाकीच्या ओव्हरफ्लोपाशी चालतोय त्याला भुवई आहे!! पण बायको दाखवतेय तो कुंडीवर शेपूट वर करून बसलाय, डोकं काळंकुट्ट. म्हणजे दोन वेगळे?? मग खोका कोणासाठी?

रानवाट: दयाळासाठी. तो झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या भोकात घरटं करतो, खोकाही चालतो. विणीचे दिवस साधारण मार्च ते जुलै, तेव्हा आत्ताच लावा, पण सावलीत, पत्र्याखाली नको, पिल्लं भाजतील. धोबी पाण्याजवळच्या कपारीत नाहीतर छपरावर वाटीसारखं घरटं करतो, त्याला खोक्याचं काही पडलेलं नाही.

गच्चीवाला: मागवला. पण तो ओव्हरफ्लो सेक्रेटरी उद्या बंद करणार आहेत, धोबी जाईल का?

रानवाट: ओल्यात किडे टिपायला येतो तो. गळती बंद होऊ द्या, पसरट थाळीत पाणी ठेवा आणि रोज बदला, डास होतात. येईलच असं नाही, नदी जवळ आहे त्याला.

मिसळ_दोन_पाव: थाळी ठेवलीत की कबुतरं आलीच समजा.