४७६ साली नक्की काय संपलं?

एकाने लिहिलंय की अलेक्झांडर गेला आणि ग्रीस संपला, ४७६ मध्ये रोम संपला. परीक्षेपुरतं ठीक आहे, पण काळाकाळांमधल्या या रेघा मागाहून ओढलेल्या आहेत.

४७६ चंच घ्या. रोमच्याच सैन्यातल्या जर्मानिक सरदार ओडोएकरने पश्चिमेचा रोमन सम्राट रोम्युलस ऑगस्टुलसला गादीवरून उतरवलं, पण मारलं नाही. पोरगं लहान म्हणून दया आली. वर्षाला ६००० सोन्याची नाणी लावून दिली आणि दक्षिण इटलीतल्या काम्पानियात नातेवाइकांकडे धाडलं. राजचिन्हं कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे पूर्वेच्या रोमन सम्राट झेनोकडे रवाना झाली. सिनेट चालूच, कॉन्सल हे रोमचे जुने मानाचे अधिकारीही पुढे ५४१ पर्यंत नेमले जात होते. 'इथे पश्चिमेचं साम्राज्य संपलं' असं स्पष्ट लिहिलं ते सहाव्या शतकातल्या मार्सेलिनस या बखरकाराने, तेही कॉन्स्टँटिनोपलात बसून! इतिहासकार पीटर ब्राउनने १९७१ मध्ये प्राचीन काळ आणि मध्ययुग यांच्यामधला 'उत्तर-प्राचीन काळ' ठळकपणे मांडला, तेव्हा कुठे पडझडीऐवजी स्थित्यंतराची भाषा रुळली. अर्थात मला ती कधीकधी जरा जास्तच गुळमुळीत वाटते. ब्रिटनमध्ये नाणी आणि चाकावरची भांडी जवळपास नाहीशी झाली, याला नुसतं स्थित्यंतर कसं म्हणायचं?

ग्रीसचंही तेच. अलेक्झांडरनंतरची तीन शतकं 'उतरती कळा' म्हणून अभ्यासकांनी बाजूला टाकली होती. १८३० च्या दशकात जर्मन इतिहासकार ड्रॉयझेनने त्यांना हेलेनिस्टिक काळ म्हणून वेगळी ओळख दिली. त्याचा शेवट हल्ली इ.स.पू. ३० मध्ये, क्लिओपात्राच्या मृत्यूशी धरतात. पण पंजाबातल्या शेवटच्या ग्रीक राजांचं राज्य त्यानंतरही टिकलं होतं असं नाणेतज्ज्ञ मानतात. त्यांना कुठल्या खणात टाकणार?